दोर मेव्हण्याच्या हाती

“...आणि ह्या एवढ्या मोठ्या कागदात मानूस कुठं हाय?” चिमाबुवांनी विचारलं.

मुकुंद खतोडेला प्रश्नच कळला नाही.

कागद त्याने बुवांच्या पुढ्यात, सारवलेल्या ओट्यावर पसरला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले होते. आलेखाचा कागद, त्यावर निळ्या शाईत वरून खाली उतरत गेलेल्या पायऱ्या. प्रत्येक पायरीला तारीख, आणि तारखेखाली गोळीचा हिशेब: पूर्ण, पाऊण, अर्धी, पाव... शेवटची पायरी पुढच्या वर्षीच्या माघात जमिनीला टेकत होती.

“माणूस म्हणजे मीच की, बुवा. गोळ्या माझ्याच आहेत.”

“तू तर उतरतोयस. बाकी कोन हाय?”

“बाकी कुणी नाही.”

“हं,” बुवा म्हणाले.

मुकुंद वाट बघत राहिला. तीन तास एसटीने आणि दीड तास पायी चालून तो ह्या वाडीवर आला होता तो ‘हं’ ऐकायला नव्हे.

तो जमीन मोजणीच्या खात्यात होता. वीस वर्षं त्याने तालुक्याचे बांध मोजले. भावाभावांत कुऱ्हाडी निघायची वेळ आली की मुकुंद खतोडेला पाठवा म्हणत, कारण त्याने आखलेली रेघ पुढे कोर्टातही हलत नसे. त्या रेघेचा त्याला गर्व होता, आणि तो गर्व त्याने कधी लपवला नाही.

चार वर्षांपूर्वी त्याचं मन आजारी पडलं. तेव्हापासून गोळ्या होत्या, सकाळ-संध्याकाळ. गोळ्यांनी त्याला झोप परत दिली, नोकरी दिली, जेवणाच्या पाटावर बायकोच्या शेजारची जागा दिली. हे तो नाकारत नव्हता. पण गोळ्यांनी एक गोष्ट घेतलीही. त्याचा हात थरथरायला लागला. रेघ मारायला गेला की पेन काट्याकुट्यांतून चालल्यासारखं चाले. कचेरीत चहाचा कप बशीत वाजे, आणि आजूबाजूचे लोक पटकन फायलींत तोंड खुपसत.

त्या खुपसलेल्या तोंडांनी त्याला जेवढं जाळलं, तेवढं आजारानेही जाळलं नव्हतं.

म्हणून त्याने ठरवलं, गोळ्या कमी करायच्या. एकदम नाही, तो काही अडाणी नव्हता. हळूहळू, मापात, एकेक पायरी. कागद आखायला पाच रविवार गेले. पहिली तारीख होती येत्या सोमवारची, आणि आज शनिवार होता.

आता आशीर्वाद कशाला हवा होता? खरं सांगायचं तर त्याला कुणाला विचारायचं नव्हतं, आणि कुणालाच न विचारता करायची छातीही होत नव्हती. अशी माणसं बुवांकडे पुष्कळ येतात.

बुवा भगवे घालत नाहीत, अंगारा देत नाहीत, पत्रिका बघत नाहीत. उमेदीची तीस वर्षं ते कड्यावरून दोराने खाली उतरून आग्या मोहोळाचा मध काढायचे. आता अठ्ठ्याहत्तरीला आलेत. कड्याच्या माथ्यावर झोपडी, झोपडीपुढे ओटा, आणि ओट्यावर बुवांच्या शेजारी त्यांचे मेव्हणे धावजी. धावजी म्हणजे बुवांच्या बायकोचे सख्खे भाऊ. बायको जाऊन दहा वर्षं झाली, धावजी तिथेच राहिले. कानाने कमी ऐकतात. दिवसभर वाळलेला हिरडा निवडत बसतात.

“बुवा,” मुकुंद शेवटी म्हणाला, “आपण काही बोललात तर बरं होईल. परवा सुरू करायचंय.”

“डाक्तर काय म्हनला?”

“डॉक्टर बाई आहेत.”

“मंग बाई काय म्हनली?”

“म्हणाल्या, कमी करून बघता येतील. हळूहळू. मीही हळूहळूच...”

“येवढंच?”

मुकुंदने कोपऱ्यावरचा एक खडा उगाच सरळ केला.

“म्हणाल्या, आधी घरचं कुणीतरी घेऊन या. बसून सगळं ठरवू. ठरल्याशिवाय एक कणसुद्धा कमी करायचा नाही.”

“मंग कोनाला नेलंस?”

“...ती गेल्या महिन्यातली गोष्ट.”

“कोनाला नेलंस?”

“नेलं नाही.”

“आन हात थरथरतो, ते बाईला सांगितलंस?”

मुकुंदचे हात मांडीवर होते. ते त्याने कागदाखाली सरकवले.

“तिथेही हात टेबलाखालीच ठेवले होते,” तो म्हणाला. आपण हे कुणाला सांगू असं त्याला घरून निघताना वाटलं नव्हतं.

बुवांनी मान हलवली. रागावले नाहीत, हसलेही नाहीत.

“मला गोळ्यांतलं काय कळतंय? मी कड्याचा मानूस. घे म्हनायचा न्हाय, सोड बी म्हनायचा न्हाय. त्ये त्या बाईचं काम.”

“मग मी येऊन काय उपयोग झाला?”

बुवांनी शेजारची काठी उचलली. मुकुंदला वाटलं, उठताहेत. पण ते बसूनच राहिले, आणि त्यांनी ती काठी सरळ ओट्यापलीकडे, कड्याकडे भिरकावून दिली.

खाली कुठेतरी खट्ट आवाज झाला.

“काठी पडली माझी,” बुवा म्हणाले.

“पडली कुठे, तुम्ही टाकलीत!”

“आनतोस का? मला काठीबिगर चालाया येत न्हाय.”

मुकुंद उठून काठावर गेला. कडा तिथे एकदम तुटत नव्हता. दीड पुरुष खाली गवताचा एक रुंद टप्पा होता, बैलगाडी उभी राहील एवढा, आणि खरी दरी त्याच्याही बरीच पलीकडे होती. काठी गवतात पडली होती. उतरायला काही धोका नव्हता, फार तर गुडघा सोलला असता.

“दोर तिथं खुटीला हाय,” बुवा मागून म्हणाले. “तुला जसा पायजे तसा बांध.”

हे काम मुकुंदच्या हातचं होतं. मोजणीच्या साखळ्या आणि दोर ओढण्यात त्याची उमर गेली होती. त्याने काठावरचं जांभळीचं झाड निवडलं, खोडाला दोन वेढे दिले, गाठीवर गाठ मारली, आणि तीनदा हिसका देऊन बघितला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. दुसरं टोक कमरेला बांधून तो दगडाला पाय लावत उतरला, काठी उचलली, ती पाठीत खोचली आणि वळला.

मग त्याने वर बघितलं.

खडक गुळगुळीत होता. उतरताना पायांना जे सापडलं होतं ते चढताना सापडेना. त्याने दोर धरून अंग वर खेचलं. हात थरथरले, मूठ सुटली, तो परत गवतात आला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तळहात सोलले गेले.

घाम आला. छाती धडधडायला लागली. ह्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे त्याला कळत होतं. पण धडधड कळण्याचं ऐकत नव्हती. एसटी सव्वाचारला होती. मंदाला, त्याच्या बायकोला, तो संगमनेरला कामाला जातो म्हणून सांगून आला होता. तो इथे आहे हे ह्या दोन म्हाताऱ्यांशिवाय जगात कुणालाच माहीत नव्हतं.

“बुवा!”

वर काठावर बुवांचं डोकं दिसलं. काठीशिवायच येऊन ते उकिडवे बसले होते.

“बुवा, वर कसा येऊ?”

“कागदात बघ.”

“...चेष्टा करू नका. दोर पक्का आहे, पण हातात जोर टिकत नाही.”

“दोर पक्काच हाय. गाठ बघितली म्या, एक नंबर गाठ. पडून देनार न्हाय तुला.”

“मग?”

“झाड वढत न्हाय, बाबा.”

दोर त्याच्या कमरेपासून जांभळीपर्यंत ताठ उभा होता. त्याच्यात कसलीही खोट नव्हती.

“आमच्यात मधाला उतरताना दोर कोन धरतो, म्हाईत हाय?” बुवांनी वरूनच विचारलं.

“कोण? भाऊ?”

“भावाला कवाच देत न्हाईत.”

“का?”

“भावानं दोर सोडला तर शेताचा वाटा त्याला ऱ्हातो. मेव्हण्यानं सोडला तर त्याच्या बहिनीचं कुकू जातंय.” बुवांनी मागे मान वळवली. “म्हनून दोर मेव्हण्याच्या हाती. तीस वर्सं ह्या धावजीनं धरला माझा.”

मुकुंदने तोंड फिरवलं आणि दरीकडे बघितलं.

त्यालाही मेव्हणा होता. रंगनाथ, मंदाचा धाकटा भाऊ. चार वर्षांत मुकुंद त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. भाऊबीजेला रंगनाथ पुढच्या दाराने आला की मुकुंद मागच्या दाराने बाहेर पडे.

कारण होतं. चार वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात मुकुंदला समजलं होतं की तालुक्यातले सगळे बांध चुकलेत. त्याला एकट्याला समजलं होतं. तो अनवाणी गावोगाव फिरला, हद्दीचे दगड उपटले, अकरा दिवस झोपला नाही, आणि बाराव्या दिवशी भर दुपारी पाण्याच्या टाकीवर चढून खाली जमलेल्या गावाला ओरडून सांगू लागला की आजपासून कुणाची हद्द नाही. रंगनाथ टाकीवर चढला. त्याने मुकुंदला मिठी मारली, तसंच खाली आणलं, आणि सगळ्या गावासमोर जीपमध्ये घालून, वाटभर त्याच्या अंगावर रेलून इस्पितळात नेलं.

मुकुंदला ते सगळं आठवत होतं. आजाराबद्दल त्याने स्वतःला माफ केलं होतं. त्या मिठीबद्दल त्याने रंगनाथला केलं नव्हतं.

“बुवा, मला वर घ्या,” तो म्हणाला.

“घेतो. दुसरी गोष्ट ऐक आधी. दोर ज्याच्या हाती हाय, त्यानं खालच्याचं ऐकायचं न्हाय.”

“न ऐकून कसं चालेल? त्रास होतोय का ते खालच्यालाच कळणार ना?”

“त्यालाच कळत न्हाय. खाली धूर, माशा, मधाचा वास. पोळ्याला हात लागला की मानूस खुळा हुतोय. वरून इचारलं, बरं हाय का? म्हनतो, झ्याक हाय, अजून सोड. मराया टेकला तरी झ्याकच म्हनतो.”

मुकुंदने दगडाला पाठ टेकली.

त्या बारा दिवसांत मंदाने त्याला किती वेळा विचारलं होतं, बरं वाटतंय ना? आणि त्याने प्रत्येक वेळी खरंच सांगितलं होतं. इतकं बरं त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

“मग...” त्याने मान वर केली. “मग वरच्याने ओढायचं कधी? त्याला कळतं कशावरून?”

“खून, म्हंजी इशारत, ठरवायची. जिमिनीवर असताना. दोर कमरंला बांधायच्या आधी. हरेकाची खून न्यारी असती.” बुवा हसले. “माझं डोस्कं फिराया लागलं की मी ह्याला अहो-जाहो करायचो. ‘अहो धावजीराव, जरा सोडता का?’ जल्माचा ह्याला अरे-तुरे करनारा मी! अहो आलं की हा वढायचा. मी आयमाय उद्धरायचो, हा वढायचा. वर आलो की भांडायचो.”

धावजींना आपलं नाव तेवढं ऐकू गेलं असावं. ते हिरड्यातून मान वर करून बघायला लागले.

“तुझी खून काय?” बुवांनी विचारलं.

“झोप,” मुकुंद चटकन म्हणाला. “झोप उडते.”

“कितव्या दिशी?”

“...ती उडते तेव्हा उशीर झालेला असतो.”

“त्याच्या आधी काय हुतं?”

मुकुंदने आठवून बघितलं. फार जोर लावून आठवून बघितलं. दगड आठवले, टाकी आठवली, तापलेला लोखंडी जिना आठवला. त्याच्या आधी... त्याच्या आधी नुसताच एक चांगला उन्हाळा होता.

इस्पितळात डॉक्टरबाईंनी हेच विचारलं होतं. पण ते मंदाला आणि रंगनाथला, आत खोलीत. तो बाहेर बाकावर बसला होता, दोन वॉर्डबॉयच्या मध्ये. आत काय सांगितलं गेलं ते त्याने नंतर कधी विचारलं नाही. चार वर्षांत एकदाही नाही. गोळीचा पाव भाग कोणत्या तारखेला घ्यायचा ते त्याला तोंडपाठ होतं, आणि हे माहीत नव्हतं.

“मला माहीत नाही, बुवा.”

“कोनाला म्हाईत हाय?”

वाऱ्याने गवत हलत होतं.

“...मेव्हण्याला.”

बुवा उठले. धावजींच्या खांद्याला त्यांनी हात लावला आणि बोटाने खाली दाखवलं.

धावजी सावकाश आले. हाडं आणि कातडं, एवढाच माणूस. त्यांनी जांभळीची गाठ सोडली नाही. नुसती एकदा चाचपून बघितली. मग दोर स्वतःच्या खांद्यावरून घेतला, एक पाय दगडाच्या खाचेत रोवला आणि काही न विचारता अंग मागे टाकलं. बुवांनी मागून दोर धरला. मुकुंदने दगडाला पाय लावले. जोर म्हाताऱ्यांच्या हातात नव्हताच, सगळा पायात आणि पाठीत होता. पाच-सहा हिसक्यांत मुकुंद ओट्याच्या कडेला आडवा पडला.

धावजी लगेच आपल्या हिरड्याकडे परत गेले.

बुवांनी काठी घेतली आणि तांब्या पुढे केला. मुकुंद पाणी प्यायला. तांब्या दातांवर वाजत होता. लपवायला जागा नव्हती, आणि कुणी तोंडही खुपसलं नाही.

मग त्याने खिशातून फोन काढला.

रंगनाथचा नंबर त्याने कधी काढून टाकला नव्हता. का नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. त्याने बटण दाबलं, आणि पहिल्याच घंटीला वाटलं, बंद करावा. जीव नुसता टांगणीला लागला होता.

“दाजी?”

मुकुंद बोलायच्या आधीच पुढचे प्रश्न आले.

“दाजी, कुठं आहात तुम्ही? एकटेच आहात का? तिथंच थांबा, मी निघालो.”

“अरे, मी बरा आहे.”

मुकुंदला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं.

“म्हणजे... ते तू सांग,” तो म्हणाला.

“काय झालंय, दाजी?”

“काही झालेलं नाही. गोळ्या चालू आहेत, आज सकाळचीही घेतली. पण कमी करायचं मनात आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरचं माणूस घेऊन या, आधी ठरवू. मी कुणाला नेलं नाही. मी आपला... कागद केला.”

“ताईला माहीत आहे?”

“नाही.”

“तिला आज सांगा. माझ्या आधी तिला.”

“सांगतो.”

“आजच.”

“हो रे, आजच. रंगा... एक विचारू? चार वर्षांपूर्वी तुला पहिल्यांदा कशावरून कळलं?”

फोनमध्ये कुणीतरी ट्रॅक्टर बंद केल्याचा आवाज आला.

“साखरेवरून,” रंगनाथ म्हणाला.

“काय?”

“तुम्ही चहात दोन चमचे घालता. चमचा डब्याच्या काठाला घासून सपाट करता. आम्ही सगळे हसायचो त्याला. त्या दिवशी मी आलो होतो, तुम्ही चहा केलात आणि डबा उचलून साखर सरळ ओतलीत. मला म्हणालात, घे रे, गोड घे. घरी जाऊन मला झोप लागली नाही.”

“टाकीच्या किती आधी?”

“तीन आठवडे. ताईला बोललो मी. ती म्हणाली, असू दे, आनंदात आहेत. कधी नव्हे ते आनंदात आहेत.” रंगनाथचा आवाज बदलला. “मलाही वाटलं, असू दे. म्हणून तर... टाकीपर्यंत गेलं ते. मी तेव्हाच बोललो असतो तर तुम्हाला तसं सगळ्यांसमोर...”

“रंगा.”

“माझंच चुकलं, दाजी. तीन आठवडे होते माझ्या हातात.”

मुकुंदने डोळे मिटले. साखर त्याला आठवत नव्हती. डबा आठवत नव्हता, तो चहा आठवत नव्हता. आपल्याच आयुष्यातला एक चहा दुसऱ्याच माणसाने जपून ठेवला होता, आणि तोही चार वर्षं अपराध्यासारखा.

मागच्या दाराने बाहेर पडल्याच्या सगळ्या भाऊबीजा त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“सोमवारी मोकळा आहेस का?” त्याने विचारलं.

“कशाला?”

“डॉक्टरबाईंकडे यायला. मंदा, तू आणि मी. सोमवारी गोळी कमी करायची नाही, नुसतं ठरवायचं. साखरेचं तूच सांग बाईंना, माझ्यासमोर सांग. मला माझ्या हाताचंही सांगायचंय. फार थरथरतो रे. चार वर्षं कुणाला बोललो नाही.”

“येतो,” रंगनाथ म्हणाला. “आधी घरी येतो. एकत्रच जाऊ.”

“पुढच्या दाराने ये. मी घरात असेन.”

फोन ठेवल्यावर मुकुंद कागदाजवळ बसला. सोमवारच्या तारखेवर त्याने काट मारली. मग एकेक करून बाकीच्या तारखांवरही मारली. त्या आता त्याच्या एकट्याच्या नव्हत्या. पायऱ्या तेवढ्या ठेवल्या. कागदाच्या डोक्यावर, जिथे शासकीय नकाशावर गावाचं नाव लिहितात, तिथे त्याने दोन नावं लिहिली. मंदाकिनी. रंगनाथ. अक्षरं वाकडी आली. त्याने ती गिरवली नाहीत.

बुवा बघत होते.

मुकुंदने कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि उठला. एसटीला अजून वेळ होता. तो दोन पावलं चालला आणि थांबला. चेहऱ्यावर पुन्हा तीच धास्ती होती, जी घेऊन तो सकाळी आला होता. तिच्यात फक्त नवी भर पडली होती.

“बुवा...”

“हं?”

“त्याने उगाच ओढलं तर?”

बुवांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

“म्हणजे मी खरोखरच आनंदात असेन एखाद्या दिवशी. माणूस असतो की नाही आनंदात? पाऊस चांगला झाला, पोरगी पास झाली... आणि जरा साखर जास्त पडली. तेवढ्यावरून हा धावत आला, दाजी चला म्हणाला, तर? मी बरा असताना?” त्याचा आवाज चढत गेला. “आयुष्यभर मी चहा करताना कुणीतरी चमच्याकडे बघत बसणार का? काहीच झालेलं नसताना त्याने मला ओढून वर काढलं, तर ते खरं होतं का खोटं, हे मला कळायचं तरी कसं?”

धावजींनी हिरड्याचं एक सूप पाखडून बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं.

“ह्यानं मला सतरा येळा वर वढला,” बुवा म्हणाले. “सोळा येळा उगाच.”

“आणि एकदा?”

“एक येळ वढला नसता, तर मी आज हितं बसलो नसतो.”

“कोणत्या वेळी?”

बुवांनी धावजींकडे बघितलं. धावजींना ऐकू आलं नव्हतं. ते आपले निवडत होते.

“त्ये आमा दोघांस्नी बी अजून म्हाईत न्हाय.”